पाणबुड्याचे घड्याळ आणि सैनिकी अधिकारी

इंदूर शहराच्या पश्चिम भागात बडा गणपतीचे देऊळ आहे. सुमारे २५ फूट उंचीच्या गणेशमूर्तीमुळे देवळाला हे नाव पडले आणि देवळावरून चौकाला व भोवतालच्या वस्तीला. होळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे या शहरात नांदत आली आहेत. येथून सुमारे २५ किलोमीटरवर महूची छावणी असल्यामुळे लष्करी गणवेश हा येथील लोकांना नवलाचा विषय नाही. १८१८ साली मंदसोरचा तह झाल्यावर इंग्रजांनी ही छावणी वसवली. २००३ पासून गावाचे अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर असे झाले आहे. तथापि पायदळाची शाळा, दूरसंचार अभियांत्रिकीचे सैनिकी महाविद्यालय आणि आर्मी वॉर कॉलेज या संस्थांमुळे महू हे जुने नाव सैन्यात सर्वतोमुखी आहे. पायदळात नव्याने दाखल झालेला तरुण अधिकारी शिक्षणक्रमासाठी येथे येतो.

अशा एखाद्या तरुण अधिकाऱ्याच्या मनगटावर एक जाडजूड पोलादी घड्याळ दिसते. काळी तबकडी, ठसठशीत काटे, आणि काचेभोवती मिनिटांच्या खुणा असलेले एक फिरते कडे. हे घड्याळ पाणबुड्याचे, म्हणजे समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसाचे होय. महूपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मग माळव्याच्या काळ्या मातीत कवायत करणाऱ्याने समुद्राच्या तळासाठी घडवलेले यंत्र हाताला का बांधावे? कोणी म्हणेल, ही निव्वळ हौस. हौसेचा भाग त्यात नाही असे नाही. परंतु या घड्याळाची घडण समजून घेतली म्हणजे त्यात हौसेपलीकडचेही काही आहे, हे ध्यानात येते.

प्रथम यांत्रिक घड्याळ म्हणजे काय ते पाहू. त्यात विजेचा घट नसतो. एक पोलादी कमान गुंडाळलेली असते. ती उलगडताना चक्रांना गती देते. ही गती एकदम सुटू नये म्हणून एक लहानसे लोलकचक्र मागेपुढे हेलकावे घेते आणि दर हेलकाव्याला चक्राचा एकच दाता पुढे सरकू देते. घड्याळाची टिकटिक ती हीच. जुन्या धाटणीच्या घड्याळात तासाला १८,००० टोले पडतात, म्हणजे सेकंदाला ५. कमानीला रोज किल्ली द्यावी लागते. स्वयंचलित घड्याळात हाताच्या हालचालीने फिरणारे एक वजन हे काम करते. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांत १० सेकंदांची चूक म्हणजे सुमारे साडेआठ हजारांत एक. एवढ्याशा यंत्राने, कोणाच्याही मदतीवाचून, इतके साधावे, ही मानवी कारागिरीची शर्थच म्हटली पाहिजे.

या नाजूक यंत्राचे दोन मोठे शत्रू म्हणजे पाणी आणि धूळ. पाण्यात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो; २०० मीटरवर तो दर चौरस सेंटिमीटरला २० किलोग्रॅमच्या आसपास जातो. काच, मागचे झाकण आणि किल्लीचे छिद्र या तीन वाटांनी पाणी आत शिरू पाहते. यावर उपाय म्हणजे रबरी वायसर आणि आट्यांनी घट्ट बसणारी किल्ली व झाकण. १९२६ साली रोलेक्स कंपनीने ‘ऑयस्टर’ नावाचे असे बंदिस्त घड्याळ काढले. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९२७ मध्ये, मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्रज जलतरणपटू महिलेने ते गळ्यात बांधून इंग्लिश खाडीच्या गारठलेल्या पाण्यात १० तासांहून अधिक काळ पोहून दाखवले. ती बाहेर आली तेव्हा घड्याळ चालू होते.

आरमारांचे लक्ष या शोधाकडे वेधले नसते तरच नवल. १९३० नंतरच्या दशकात इटलीच्या आरमाराने आपल्या पाणसैनिकांसाठी फ्लॉरेन्सच्या पानेराई यांच्याकडून मोठ्या तबकडीची, अंधारात उजळणारी घड्याळे करवून घेतली. या पाणसैनिकांनी डिसेंबर १९४१ मध्ये अलेक्झांड्रिया बंदरात शिरून ‘व्हॅलियंट’ व ‘क्वीन एलिझाबेथ’ या दोन ब्रिटिश युद्धनौकांखाली स्फोटके लावली. त्यांतील लुईजी दुरांद दे ला पेन्ने हा अधिकारी व त्याचा साथीदार पकडले गेले आणि ‘व्हॅलियंट’च्याच पोटात कोंडले गेले. स्फोटकांची वेळ या अधिकाऱ्याला ठाऊक होती. प्रश्नांना त्याने उत्तर दिले नाही. मात्र स्फोट होण्यास काही मिनिटे उरली तेव्हा त्याने कप्तानाची भेट मागितली आणि जहाजावरील माणसांचे प्राण वाचवा, एवढेच सांगितले. स्फोटक कोठे आहे ते मात्र सांगितले नाही. जहाज तळाला टेकले. तो स्वतः वाचला. १९४५ मध्ये त्याला इटलीचे सुवर्ण शौर्यपदक मिळाले, तेव्हा ते त्याच्या छातीवर लावणारा हात ‘व्हॅलियंट’चे तत्कालीन कप्तान मॉर्गन यांचा होता. अधिकाऱ्याच्या हाती वेळ असते ती दोन कामांसाठी: कर्तव्य पार पाडण्यासाठी, आणि टाळता येण्याजोगा मृत्यू टाळण्यासाठी. त्या रात्री एकाच माणसाने ती दोन्ही कामांसाठी वापरली.

आज आपण ज्याला पाणबुड्याचे घड्याळ म्हणतो त्याचे रूप १९५३ साली ठरले. फ्रान्सच्या लढाऊ पाणबुड्यांचे अधिकारी रोबेर मालुबिये व क्लोद रिफो यांना आपल्या माणसांसाठी खात्रीचे घड्याळ हवे होते. त्याच सुमारास ब्लांपाँ या स्विस कंपनीचे प्रमुख झाँ-झाक फिश्तेर हेही अशाच घड्याळाच्या शोधात होते. ते स्वतः बुडी मारीत. एकदा वेळेचे भान सुटले आणि टाकीतील हवा संपत आली, असा अनुभव त्यांनी घेतला होता. या गरजेतून ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ निर्माण झाले. ५० फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. काळ्या तबकडीवर मोठे उजळ काटे, आणि सभोवती फिरते कडे.

या कड्याची युक्ती साधी आहे. बुडी मारताना कड्यावरील शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणावयाची. पुढे काटा जेथे असेल तेथील आकडा वाचला की किती मिनिटे गेली ते कळते. बेरीज नाही, वजाबाकी नाही. दमलेल्या, गारठलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाचे डोके हिशेबात चुकते. म्हणून हिशेबच काढून टाकला. परंतु खडकाचा धक्का लागून कडेच सरकले तर? पहिल्या घड्याळात ते चुकून सरकू नये म्हणून अडसर होता. पुढे कडे एकाच दिशेने, म्हणजे काट्यांच्या उलट फिरेल, अशी रचना रूढ झाली. ते सरकलेच तर शून्याची खूण मागे जाते आणि गेलेला वेळ प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. पाणबुड्या थोडा लवकर वर येतो. उशिरा मात्र कधी येत नाही. चूक अटळ असेल तर ती जीव वाचवणाऱ्या बाजूला व्हावी, असा विचार या पोलादी कड्यात घडवलेला आहे.

१९८२ मध्ये या घड्याळांसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यानुसार घड्याळ निदान १०० मीटर खोलीचे असावे, घोषित खोलीपेक्षा सव्वापट दाबाखाली ते तपासावे, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता यावे, आणि घड्याळ चालू आहे की बंद पडले हेही अंधारात कळावे. धक्के, खारे पाणी आणि लोहचुंबक यांच्याही कसोट्या त्यात आहेत.

आता ही कलमे घेऊन समुद्रावरून जमिनीवर यावे. रात्रीच्या गस्तीवर गेलेल्या अधिकाऱ्याला दिवा लावता येत नाही. त्याला अंधारात वाचता येणारी तबकडी हवी. मृगाच्या पावसात, चिखलात आणि घामात घड्याळाचे तोंड बंद हवे. कूच करणाऱ्या तुकडीला तासातून १० मिनिटे विसावा देण्याची जुनी चाल आहे. कड्याची खूण फिरवली की विसाव्याचा हिशेब राहतो. आणि सर्वांत गंभीर प्रसंग म्हणजे जखमी जवानाचा. हातापायातून वाहणारे रक्त थांबविण्यासाठी आवळपट्टी बांधावी लागते. ती कोणत्या वेळी बांधली हे डॉक्टरांना सांगता आले पाहिजे, कारण पट्टी दोन तासांपलीकडे आवळलेली राहिली तर तो अवयव गमावण्याचा धोका वाढतो. अशा वेळी मनगटावरील कड्याची एक फिरकी ही एका माणसाच्या पायाची किंमत ठरू शकते.

वेळेवर किती अवलंबून असते याचे मोठे उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. १९७१ च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या तुलाँ बंदरातील पाकिस्तानी पाणबुडी ‘मांग्रो’ सोडून काही बंगाली नौसैनिक निघाले आणि त्यांतील आठ जण भारतात पोहोचले. त्यांना हाताशी धरून भारतीय नौदलाने पलाशीजवळ भागीरथीच्या काठी छावणी उघडली आणि बंगाली तरुणांना बंदरात शिरून जहाजांना सुरुंग चिकटविण्याचे शिक्षण दिले. छातीला विटा बांधून ते पोहत. या कामाच्या संचालनात कमांडर मोहन नारायण राव सामंत हे मराठी अधिकारी प्रमुख होते. ‘करंज’ या पाणबुडीचे ते पहिले कप्तान. १९७१ च्या युद्धातील पराक्रमाबद्दल पुढे त्यांना महावीर चक्र लाभले.

ही तरुण मुले चितगाव, मोंगला, चांदपूर व नारायणगंज अशा दूरदूरच्या चार बंदरांपाशी पोहोचली होती. सर्वांनी एकाच रात्री हल्ला करावयाचा होता. त्यासाठी आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्राची योजना झाली. ठरलेले पहिले बंगाली गीत लागले की तयारी करावयाची. दुसरे लागले की निघावयाचे. लाखो श्रोत्यांना ती केवळ गाणी होती. त्यानंतर भरती-ओहोटीचे गणित होते, आणि सर्वांत शेवटी सुरुंगाचे. सुरुंगाच्या कळीत पाण्यात विरघळणारी गुटी होती. ती फार लवकर विरघळू नये म्हणून तिच्यावर रबरी आवरण चढवण्याची युक्ती काढावी लागली. गीत, ओहोटी आणि गुटी या तिन्ही वेळा जुळल्या, आणि १५ ऑगस्टच्या रात्री चारही बंदरांत स्फोट झाले. पोहणाऱ्याच्या हाती परत येण्यासाठी जी मिनिटे होती, ती कोणीतरी आधी काळजीपूर्वक मोजून ठेवली होती. अधिकाऱ्याच्या कामाचे मर्म हेच आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. यांत्रिक घड्याळ आता मागे पडलेले नाही काय? डिसेंबर १९६९ मध्ये जपानमध्ये पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आले. यांत्रिक घड्याळ दिवसाला जेवढे चुकते तेवढे क्वार्ट्झ महिन्याला चुकते, आणि त्याची किंमतही पुढे फार उतरली. उपग्रहांवरून वेळ व ठिकाण सांगणारी घड्याळे तर आता सर्रास मिळतात. आज अचूकतेच्या शर्यतीत कमान हरली आहे, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु युद्धभूमीवर जास्त सांगणारे यंत्र कधी कधी जास्त बोलतेही. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्ट्राव्हा’ या कंपनीने व्यायाम करणाऱ्यांच्या धावण्याच्या वाटा दाखवणारा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या ध्यानी आले की, ओसाड वाळवंटात उजळलेल्या रेघा म्हणजे सैनिकी तळांच्या वाटा आहेत. सैनिकांच्या मनगटांवरील यंत्रांनीच त्या उघड केल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहिमेच्या प्रदेशात अशा उपकरणांतील ठिकाण सांगणारी सोय वापरण्यास मनाई केली. कमानीचे घड्याळ कोणाशी बोलत नाही. त्याला वीज लागत नाही, उपग्रह लागत नाही, आणि ते कोणाला पत्ता देत नाही.

त्याच्या मर्यादाही अधिकाऱ्याने ओळखल्या पाहिजेत. चकाकते पोलाद उन्हात दूरवरून दिसते आणि उजळ तबकडी अंधारात. म्हणून तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूस फिरवण्याची किंवा तिच्यावर कापडी पट्टी ओढण्याची रीत सैनिकांत आहे. रबरी वायसर काळाने कडक होतो. दहा वर्षांपूर्वी २०० मीटर सोसणारे घड्याळ आज बादलीभर पाण्यातही खात्रीचे राहीलच असे नाही. घड्याळजीकडून त्याची तपासणी करून घ्यावी लागते. शिवाय यांत्रिक घड्याळ रोज थोडे चुकत असल्याने ते रोज जुळवावे लागते. कामगिरीपूर्वी तुकडीतील सर्वांनी आपापली घड्याळे एका क्षणावर आणण्याची शिस्त यातूनच पक्की झाली. आपले यंत्र चुकते हे जाणणारा माणूस ते तपासून पाहतो; ते चुकतच नाही असे मानणारा तपासत नाही.

राहिला हौसेचा प्रश्न. महागडे परदेशी घड्याळ हेच अधिकाऱ्याचे भूषण, असे मानण्याचे कारण नाही. १९६१ मध्ये बंगलोरला सुरू झालेल्या एच.एम.टी.च्या कारखान्याने ‘जनता’ आणि ‘जवान’ अशी किल्लीची साधी घड्याळे दिली. २०१६ मध्ये सरकारने तो व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी जुन्या सैनिकांच्या घरी ती घड्याळे आजही जपलेली आढळतात. बडा गणपतीच्या चौकातून महूकडे निघालेल्या तरुणाच्या मनगटावर कोणत्या कंपनीचे नाव आहे, याला त्याच्या हाताखालचे जवान फारसे महत्त्व देणार नाहीत. आपला अधिकारी वेळेवर पोहोचतो की नाही, आणि आपल्याला ठरल्या वेळी परत आणतो की नाही, एवढेच ते पाहतील. त्या घड्याळाचे कडे ज्या दिशेला फिरते, तीच दिशा त्याच्या निर्णयालाही असावी: अंदाज चुकलाच तर तो आपल्या माणसांच्या जिवाच्या बाजूने चुकावा.