होमरूलचा अध्यक्ष, महापालिकेचा मेंबर: काका बाप्टिस्टा

हा भाग मामाच्या गावातून रेकॉर्ड केलाय, नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटच्या बाजूला. मागे रातकिडे ओरडतायत, ते एडिट करून जात नाहीत, मी प्रयत्न केला. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं. वाचणाऱ्यांसाठी: बोललो तसंच लिहिलंय, फक्त चाळीसेक 'म्हणजे' काढून टाकलेत.

विषय कसा सुचला सांगतो. माझ्या मामेभावाला ग्रामपंचायतीला उभं राहायचंय. मी शहाणपणा केला. म्हटलं, "दादा, नाली अन् नळ, अजून काय असते त्यात? राजकारण करायचंच तर मोठं कर ना." तो म्हणाला, "मोठं म्हंजे कोणतं बे?" मला उत्तर आलं नाही. त्याचा चेहरा मात्र पडला, ते दिसलं. रात्री झोप येईना, तेव्हा मला जोसेफ बाप्टिस्टा आठवले.

जन्म १७ मार्च १८६४, मुंबईत माझगावच्या म्हातारपाखाडीत. वडील भाईंदरजवळच्या उत्तनचे. हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे लोक, घरात मराठीचीच बोली. लोक त्यांना 'काका' म्हणायचे. आणि माझ्यासारख्यांसाठी खास गोष्ट: गडी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा! पुढे केंब्रिजला जाऊन राज्यशास्त्र शिकले, बॅरिस्टर झाले. इंजिनिअरिंग करून दुसरंच काहीतरी करायची परंपरा आपण सुरू केलेली नाही, हे लक्षात घ्या.

तिकडे त्यांना आयर्लंडचं होमरूल भिडलं. होमरूल म्हणजे साधं: साम्राज्य राहू दे, पण घरचा कारभार घरचे बघतील. ब्रिटिश संसदेत याचं विधेयक १८८६ ला पडलं, १८९३ ला पुन्हा पडलं. १९१४ ला कायदा झाला आणि महायुद्धामुळे लगेच स्थगितही झाला. पण मधे १८९८ साली आणखी एक कायदा आला होता, ज्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. त्याने आयर्लंडमध्ये जिल्ह्याजिल्ह्याला निवडून आलेल्या कौन्सिल आल्या. रस्ते, गटारं, दवाखाने, हेच काम. १८९९ च्या निवडणुकीत आयरिश राष्ट्रवाद्यांनी बहुतेक कौन्सिल जिंकल्या. आणि वीस वर्षांनी, १९२० मध्ये, त्यांच्यातल्या कितीतरी कौन्सिलांनी ठराव करून सांगितलं की आम्ही लंडनचं ऐकणार नाही, डब्लिनच्या आमच्या स्वतःच्या संसदेचं ऐकू. गटारवाल्यांनी हे केलं! दादाला मी हे सांगायला हवं होतं.

बाप्टिस्टा १९०१ मध्ये मुंबई महापालिकेत आले आणि पुढची सतरा वर्षं तिथे राहिले. तेव्हाची महापालिका कशी होती बघा. १८८८ च्या कायद्याने ७२ मेंबर, त्यातले वॉर्डांतून निवडून येणारे निम्मे, ३६. मत कोणाला? कर भरणाऱ्यांना. चाळीत भाड्याने राहणारा गिरणी कामगार यादीत नाहीच. आणि अंमलबजावणीचा सगळा अधिकार आयुक्ताकडे, जो सरकार नेमणार. आपल्या भाषेत सांगायचं तर मेंबरकडे रीड परमिशन, थोडा आरडाओरडा करायची सोय, आणि ॲडमिन दुसराच. वर प्लेगची वर्षं चाललेली. मला वाटतं, परकी सत्ता म्हणजे काय हे वॉर्डातल्या माणसाला तिथे जितकं स्पष्ट दिसत असेल, तितकं भाषणातून दिसलं नसतं.

याच काळात ते टिळकांचे जवळचे झाले, १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात वकील म्हणून मदतीला होते. मग १९१६. तारखा नीट ऐका. २४ एप्रिलला डब्लिनमध्ये ईस्टरच्या सोमवारी सशस्त्र उठाव झाला. २८ एप्रिलला बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढली आणि अध्यक्ष केलं बाप्टिस्टांना. एकाच आठवड्यात आयर्लंड होमरूल सोडून पुढे निघालं आणि आपण होमरूल हातात घेतलं. लीगचा भाग होता मुंबई शहर सोडून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. म्हणजे मी बसलोय ते गावही त्यात आलं, तेव्हाचा भंडारा जिल्हा, कारण गोंदिया जिल्हा १९९९ चा. गंमत अशी की मुंबई शहर ॲनी बेझंटबाईंच्या लीगकडे गेलं, आणि त्याही आयरिश वंशाच्याच. अध्यक्षांचं स्वतःचं घर त्यांच्या लीगच्या हद्दीबाहेर!

टिळकांच्या त्या प्रसिद्ध 'जन्मसिद्ध हक्क' वाक्याचं श्रेयही बरेच जण बाप्टिस्टांना देतात. असो, वाक्यावरून भांडण्यात मला रस नाही.

१९२० ला मुंबईत आयटक ही कामगारांची देशव्यापी संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही ते होते. १९२२ च्या दुरुस्तीने महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्याला महापालिकेचं मत मिळालं, म्हणजे निदान काही भाडेकरू यादीत आले. आणि १९२५ ला बाप्टिस्टा परत महापालिकेत, यावेळी सगळ्यात वरच्या खुर्चीत. आज सगळीकडे 'महापौर' लिहिलेलं सापडेल, पण तेव्हा पदाचं नाव प्रेसिडेंट होतं, 'मेयर' १९३१ पासून. देशभरातल्या होमरूलची लीग चालवलेला माणूस साठी ओलांडल्यावर पुन्हा शहराच्या नळ-नालीकडे आला. १९३० मध्ये ते गेले. सगळ्या प्रौढांना महापालिकेचं मत मिळायला १९४८ उजाडलं.

आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर याच महापालिकेत काही वर्षं एकही नगरसेवक नव्हता, फक्त प्रशासक. माझे मुंबईतले मित्र खड्ड्याचे फोटो ट्विटरवर टाकायचे आणि टॅग कोणाला करायचं हेच कळायचं नाही.

माझगावला डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. वर लोक फिरतात, खाली महापालिकेचा पाण्याचा मोठा जलाशय आहे. पुढच्या वेळी गेलात तर फोटो पाठवा, दादाला दाखवायचाय. त्याने आज फॉर्मसाठी लागणाऱ्या कागदांची यादी आणलीय आणि ती पीडीएफ मलाच भरून द्यायचीय. चला, टाकीकडे जातो. पुढच्या भागात भेटू.