पिक्सेल नेमका केवढा?

पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा सर्वांत लहान ठिपका; पण त्याचे माप ठरलेले नसते. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर (१९२० × १०८०) एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल बसतात, तर २७ इंची फोर-के मॉनिटरवर (३८४० × २१६०) सुमारे १६३. म्हणून १६ पिक्सेल उंचीचे अक्षर पहिल्यावर जवळपास साडेचार मिलिमीटर भरते, दुसऱ्यावर जेमतेम अडीच.

यावरचा तोडगा म्हणजे तार्किक पिक्सेल. प्रोग्रॅम या मानीव एककात माप सांगतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्याचे खऱ्या ठिपक्यांत रूपांतर करते. २०१० च्या आयफोन ४ मध्ये ३२० × ४८० ऐवजी ६४० × ९६० ठिपके आले, पण मांडणीची मापे जुनीच राहिली. प्रत्येक एककाच्या वाट्याला चार ठिपके आले. अक्षरे तेवढीच राहून रेखीव झाली.

या रूपांतराच्या पटीला स्केलिंग म्हणतात. २०० टक्के स्केलिंगवर १ तार्किक पिक्सेलची रेघ बरोबर २ ठिपक्यांची होते. १५० टक्क्यांवर तिला दीड ठिपका लागतो आणि अर्धा ठिपका तर उजळता येत नाही. मग रेघेच्या कडेला राखाडी छटा उमटते. देवनागरीची शिरोरेषा आडवी आणि सलग असल्याने हा फिकेपणा तिथे चटकन जाणवतो. पडद्यावरचे ठिपके दाट असतील, तर हा फिकेपणा डोळ्यांना फारसा खुपत नाही.

अक्षरे बारीक वाटली, तर रिझोल्यूशन कमी करू नये. ते पडद्याच्या मूळ आकड्यावरच ठेवावे आणि स्केलिंग वाढवावे.