पाणी ओसरते तेव्हा

दिवाळीचे वहीपूजन आटोपते, नांदेड-लातूरच्या मोंढ्यांत सोयाबीनची आवक वाढलेली असते आणि पहाटेच्या हवेत गारवा उतरतो. शरद सरून हेमंत लागण्याच्या याच दिवसांत मराठवाड्यातील जलाशयांवर आणखी एक आवक सुरू असते. तिची नोंद मात्र कोणत्याही पेढीवर होत नाही.

या पाहुण्यांतील सर्वांत सहज भेटणारा पक्षी म्हणजे परीट. शेपटी सतत वरखाली हलवीत तो गच्चीवर, अंगणात किडे टिपत धावतो. पडक्या भिंतीवर शेपटी थरथरवणारा थिरथिराही याच सुमारास हजर होतो. जलाशयावर थापट्या, तलवार बदक आणि केशरी-बदामी रंगाचा चक्रवाक दिसू लागतात. यांतील अनेकांची घरटी मध्य आशियात वा सायबेरियात असतात. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा पट्टकादंब तर तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून दक्षिणेत उतरतो.

त्यांना पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. नांदेडजवळ गोदावरीवरील विष्णुपुरीचा जलाशय आहे, कंधारला राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र आहे, तर लातूर जिल्ह्यात उदगीर तालुक्यातील तिरू प्रकल्प आहे. हे सारे पाणी माणसाने अडवलेले. पक्ष्यांनी ते आपले मानले, एवढेच.

येथे नवख्या निरीक्षकाची एक फसगत होते. पाऊस चांगला झाला, तलाव तुडुंब भरला, म्हणून तो उत्साहाने काठावर जातो आणि थोडे पक्षी पाहून परततो. तुडुंब पाणी बदकांना चालते. पण चिमणीएवढ्या टिलव्याला किंवा तुतवाराला त्यात उभेही राहता येत नाही. त्यांना हवे असते बोटभर पाणी आणि ओला चिखल. हरभरा-ज्वारीला पाणी सुटते, पातळी उतरते, गाळ उघडा पडतो आणि त्यातील किडे, अळ्या, गोगलगायी त्यांच्या चोचीला लागतात. लांब पायांचा पाणटिवळा थोड्या खोल पाण्यात चरतो, आखूड पायांचा टिलवा अगदी कडेला. पाण्याच्या प्रत्येक बोटाला त्याचा धनी ठरलेला असतो.

म्हणूनच खरा प्रश्न पाण्याचा तितकाच काठाचाही आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला थेंबाचे मोल कोणी शिकवायला नको. काठाचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. पाणी ओसरताच तेथे गाळपेर होते, वाहने धुतली जातात, कचरा पडतो. गाळपेरीवर कष्टकऱ्यांची पोटे अवलंबून असतात, हेही खरे. परंतु काठाचा एखादा कोपरा तरी मोकळा व शांत राहिला, तर दोघांचेही भागते.

जीवदयेची परंपरा जपणाऱ्या कुटुंबांना येथे राजस्थानातील फलोदीजवळचे खीचन आठवेल. तेथील जैन कुटुंबांनी करकोच्यांना धान्य घालण्याचा परिपाठ ठेवला आणि हिवाळ्यात तेथे हजारो करकोचे उतरू लागले. 2025 मध्ये खीचनचा समावेश रामसर पाणथळांच्या यादीत झाला. करकोचा धान्य खातो, म्हणून तेथे दाणा हीच दया ठरली. टिलवा, तुतवार वा परीट यांना ज्वारीच्या मुठीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी दया म्हणजे काठाला धक्का न लावणे, दुरूनच पाहणे आणि आपल्या हातून प्लास्टिकचा तुकडाही तेथे न पडू देणे. दान घेणाऱ्याची गरज ओळखून दिलेले दानच सार्थ ठरते.

अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमधील आठवडा महाराष्ट्रात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. घरातील मुलांच्या हाती त्या दिवसांत एक कोरी वही द्यावी. तारीख, वेळ, ठिकाण, पाण्याची पातळी, पक्ष्याचे नाव आणि संख्या, एवढे रकाने पुरेत. पक्षी दिसला नाही, तर तेही लिहावे. निरंक नोंद हीदेखील नोंदच असते, हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही. चार-पाच दिवाळ्यांनंतर तीच वही सांगेल की कोण नेमाने येतो, कोण येईनासा झाला आणि काठ कोणत्या वर्षी हरवला.