४० मिलिमीटरची थरथर

स्प्रिंग बदलून गाडी खाली घेतली की ती झोकदार दिसते, वळणावर कमी कलते. पण सुबारू इम्प्रेझा किंवा आउडी क्वात्रोसारख्या, चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या गाडीत त्यानंतर कधीकधी एक नवी तक्रार उभी राहते. साठ-सत्तरच्या वेगात ॲक्सिलरेटर दाबला की फ्लोअर आणि सीट थरथरते. पाय उचलला की सगळं शांत. मालकाचा पहिला संशय गाडीखालच्या लांब प्रोपेलर शाफ्टवर.

संशय जुना आहे. शाफ्ट जोडणाऱ्या ‘क्रॉस’ला, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटला, इटलीच्या कार्दानोचं नाव चिकटलं, त्याची खोड मात्र सतराव्या शतकात रॉबर्ट हुकने अभ्यासली. कोनात जोडलेल्या दोन शाफ्टांपैकी पहिला एकसारखा फिरला तरी दुसरा दर फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा रेंगाळतो. हुकला ही खोड चक्क कामाची वाटली: सूर्यघड्याळावरच्या सावलीची असमान चाल तिच्यामुळे यंत्राने साधता येत होती. मोटारीत ती डोकेदुखी ठरते. कोन १० अंशांचा असेल, तर मिनिटाला ३००० फेऱ्यांचा वेग पलीकडे २९५४ ते ३०४६ असा झुलतो. म्हणून दोन क्रॉस समान कोनात बसवतात. एकाचा हेलकावा दुसरा पुसून टाकतो.

पण इम्प्रेझाचं मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. डिफरन्शियल चाकांबरोबर वरखाली होत नाही, ते गिअरबॉक्सप्रमाणे बॉडीच्याच बाजूला बांधलेलं असतं. गाडी ४० मिलिमीटर उतरली तर दोन्ही एकत्र उतरतात आणि मधल्या शाफ्टला त्याचा पत्ताही लागत नाही. (काम करताना गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर कुणी सैल करून वाकडा बसवला असेल, तर गोष्ट वेगळी.) अखंड ॲक्सलच्या मारुती जिप्सीचा न्याय निराळा. आपल्याकडे ती चिखलवाटांसाठी उंच करतात आणि तिथे प्रोपेलर शाफ्टचा कोन खरंच बदलतो.

इम्प्रेझात कोन बदलतो तो डिफरन्शियलपासून चाकाकडे जाणाऱ्या आखूड शाफ्टांचा. असे शाफ्ट चार, त्यांचे जॉइंट आठ, आणि भार सगळ्यांवर. ४०० मिलिमीटर लांबीच्या शाफ्टचं एक टोक ४० मिलिमीटर सरकलं की कोन जवळपास ६ अंशांनी बदलतो. शाफ्ट मुळात चाकाकडे खाली झुकलेला असेल, तर थोडं उतरणं उलट फायद्याचंच. पुढे गेलं की तोटा.

बाहेरच्या टोकाला बहुधा फोर्डमधले अभियंता आल्फ्रेड झेप्पा यांच्या रचनेचा सहा गोळ्यांचा जॉइंट असतो. तो मोठा कोन निमूट सोसतो. गडबड आतल्या टोकाला. अनेक गाड्यांत तिथे फ्रान्सच्या मिशेल ओरँ यांचा ट्रायपॉड जॉइंट असतो: तीन खाचांत सरकणारे तीन रोलर. कोन वाढला की भाराखाली दबलेला प्रत्येक रोलर दर फेऱ्यात जास्त अंतर पुढेमागे घासतो आणि शाफ्टला एका फेऱ्यात तीन आडवे धक्के बसतात. हे धक्के कोनाबरोबर वाढतात तसे भाराबरोबरही, म्हणून तर पाय उचलताच ते विरतात. जुन्या गाडीत रोलरांनी वर्षानुवर्षं खाचांत आपली जागा झिजवलेली असते. उंची बदलली की ते त्या झिजेच्या कडेवर चढतात.

निदानाला मोजणी उपयोगी पडते. टायरचा घेर सुमारे २ मीटर धरला तर ताशी ७२ किलोमीटरला चाक सेकंदाला १० फेरे घेतं. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर सेकंदाला १० ठोके, ट्रायपॉडचे ३०. अंतिम गिअर गुणोत्तर ४ असेल तर प्रोपेलर शाफ्टचा असमतोल ४० ठोके देतो, त्याचा क्रॉस ८०. दहा आणि तीसमधला फरक मोबाइलचं कंपनमापक ॲपही दाखवतं. तरीही लोक आधी शाफ्ट उतरवून बॅलन्स करायला पाठवतात, हे मला पैसे वाया घालवणं वाटतं.

उंची बदलणं हाच गुन्हा, असंही नाही. २००० साली आलेल्या आउडी ऑलरोडचं एअर सस्पेन्शन जमिनीपासूनचं अंतर १४२ ते २०८ मिलिमीटर बदलायचं. ती मुभा आराखड्यातच होती. खाली घेतलेल्या गाडीला कॉइलओव्हर, म्हणजे उंची फिरवून बदलता येणारे स्प्रिंग-शॉक, असतील तर चाकं बॅलन्स करून गाडी १५ मिलिमीटर वर घ्यावी आणि त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा चालवावी. थरथर गेली तर दोष कोनाचा. कमी झाली पण गेली नाही, तर आतले जॉइंट उघडून खाचा बोटाने चाचपाव्यात.