पापड, खाट आणि स्टोव्ह

बचत गटाचा उद्योग हौसेनं सुरू होतो, दिवाळीत माल हातोहात खपतो, आणि दोन वर्षांत हिशेबावरून अबोला धरून तो बंद पडतो. असे गट तुम्हीही पाहिले असतील. मग मुंबईच्या गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं लिज्जत पापडाचं काम इतकी वर्षं कसं टिकलं?

कागदोपत्री लिज्जत ही सहकारी संस्था नाही, १९६६ साली ती सोसायटी म्हणून नोंदली गेली. पण कारभार सहकाराचाच. पापड लाटणारी प्रत्येक बाई मालकीण, नफ्यातोट्यात वाटेकरी.

खरी मेख रोजच्या हिशेबात आहे. सकाळी केंद्रावर जायचं, काल लाटलेले पापड द्यायचे, ते तपासले की मजुरी हातात घ्यायची आणि आजचं मळलेलं पीठ घेऊन घरी यायचं. हिशेब शिळा होतच नाही. माझ्या मते निम्मी भांडणं इथंच मिटतात. वितरकालाही माल रोखीनं, उधारी नाही. पीठ केंद्रावरच मळलेलं असतं, म्हणून लाटणारे हात हजार असले तरी चव एक राहते. सुरुवातीला स्वस्तातला दुसरा पापड काढायचंही चाललं होतं, पण ८० रुपये देणाऱ्या छगनलाल पारेखांनी दर्जा उतरू देऊ नका, असं बजावलं.

पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी बायकांनी एक खाट आणि स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. झालं!

देणगी घ्यायची नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. खादी आयोगाची मान्यता मिळाली तीसुद्धा १९६६ मध्ये, म्हणजे सात वर्षं स्वतःच्या पायावर उभं राहिल्यावर. निर्णय एकमतानं घ्यायची पद्धत आहे. त्यात वेळ जातो, कधी चिडचिडही होत असेल. पण मागाहून ‘मला कुणी विचारलंच नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

आता पावसाळा तोंडावर आला आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी वहीत लिहून घ्या: चार महिने माल कुठं वाळवणार, आणि कोणाकडं किती उधारी अडकली आहे.