इंजिन ऑइल: बदलणं सोपं, पण काळं तेल टाकायचं कुठे?
गाडीचं ऑइल घरी बदलण्यात मोठी विद्या नाही. कोमट इंजिनचा ड्रेन बोल्ट सोडायचा, तेल निथळू द्यायचं, फिल्टर आणि बोल्टचा वॉशर नवा घालायचा, मग मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल ओतून डिपस्टिक बघायची. लहान पेट्रोल गाडीला साधारण ३ ते ३.५ लिटर पुरतं. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र शिरू नये.) मजुरी वाचते, आत काय गेलं हेही कळतं. घरी ऑइल बदललं तर वॉरंटीचं काय, हा आक्षेप रास्तच आहे. मुदत असेतो अधिकृत सर्व्हिसची नोंद मोडू नये.

मुदत संपली तरीही माझा कौल सर्व्हिस सेंटरला, तो निघालेल्या काळ्या तेलामुळे. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे आणि तो अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. सोसायटीच्या पार्किंगमधल्या माणसाने तो डबा न्यायचा कुठे? कोपऱ्यावरचा गॅरेजवाला घेईल, म्हणाल. घेईलही, पण बरेचदा तेच तेल बांधकामावर शटरिंगच्या फळ्यांना फासलं जातं. त्यापेक्षा सर्व्हिसच्या वेळी समोर उभं राहावं, सीलबंद डबा आपल्यादेखत उघडायला लावावा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यावी.