ट्रेलरचा इंडिकेटर: बल्ब बदलण्याआधी अर्थ बघा

पुण्याचा चांदणी चौक सोडून डुक्कर खिंड पार केली की मुंबई-बंगळूर महामार्ग वारज्यात शिरतो आणि मुठा नदी ओलांडून नवले पुलाकडे जातो. या पट्ट्यात महामार्गालगत सेवा रस्ता आहे. मुख्य रस्त्यावर कंटेनर, सेवा रस्त्यावर दुचाकी, आणि दोन्ही जिथे मिसळतात तिथे एकमेकांना मनसुबा सांगायचे साधन एकच, ते म्हणजे इंडिकेटर. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. चाळीस फुटी कंटेनर डावीकडे उतरवताना मागच्या डाव्या कोपऱ्याशी कोण आहे, हे त्याला आरशातूनही नीट दिसत नाही. क्लीनरने खिडकीतून हात काढला तरी ट्रेलरच्या मागे असलेल्या दुचाकीस्वाराला तो दिसत नाही. त्याला दिसतो फक्त ट्रेलरचा मागचा डावा दिवा. तो बंद असणे ही किरकोळ तक्रार नव्हे.

दुरुस्तीला हात घालण्याआधी वीज कोणत्या वाटेने जाते ते समजून घेऊ. जड ट्रकला 24 व्होल्ट लागतात, त्यासाठी 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. बॅटरीतून वीज फ्यूजमध्ये येते, तिथून हॅझर्ड स्विच, दिवा लुकलुकवणारा फ्लॅशर, स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच आणि मग बल्ब, अशी सर्वसाधारण वाट असते. इंडिकेटरचा बल्ब 21 वॅटचा, म्हणजे तो जवळपास 0.9 अँपिअर घेतो. बल्बमधून निघालेली वीज चासीवाटे बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाते. या परतीच्या वाटेला वायरमन अर्थ म्हणतात.

गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घ्या, हँडब्रेक लावा, चाकाला उटी लावा. मग सर्वांत आधी हॅझर्ड स्विच दाबा. चारही कोपरे नीट लुकलुकले, पण इंडिकेटरची दांडी फिरवल्यावर काहीच होत नसेल, तर बल्ब आणि बहुधा फ्लॅशरही शाबूत आहेत. दोष इग्निशनवरून येणाऱ्या फ्यूजमध्ये, हॅझर्ड स्विचच्या आतल्या काँटॅक्टमध्ये किंवा कॉम्बिनेशन स्विचमध्ये शोधायचा. हॅझर्ड स्विच महिनोन्‌महिने कुणी दाबत नाही, त्याचे काँटॅक्ट काळे पडतात. तो दहा-बारा वेळा चालू-बंद करून बघा, पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

दुसरी खूण लुकलुकण्याच्या वेगाची. इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असेल आणि एकाच बाजूचा वेग अचानक वाढला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो. कमी वीज ओढली जात आहे हे फ्लॅशर ओळखतो आणि चालकाला तसे कळवतो. जुन्या, तापून चालणाऱ्या फ्लॅशरमध्ये उलटे होते. बल्ब गेला की तो मंदावतो किंवा दिवा पेटून तसाच राहतो. बल्बच्या जागी एलईडी बसवल्यावरही वेग वाढतो, कारण एलईडी फार कमी वीज घेतो. त्यावर उपाय एलईडीला चालणारा फ्लॅशर. काही जण रेझिस्टर लावतात, पण तो इतका तापतो की शेजारच्या वायरचे प्लास्टिक वितळू शकते. मी फ्लॅशरच बदलायला सांगेन.

यानंतर घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि ट्रेलर वेगळे करून तपासा. म्हणजे फक्त मधली गुंडाळीची केबल काढायची. ती काढल्यावर घोड्याचे दिवे ठीक चालले, तर दोष केबलपासून मागे आहे. केबल परत बसवल्याबरोबर फ्यूज उडत असेल, तर ट्रेलरची एखादी वायर चासीच्या धारेवर घासून उघडी पडली आहे. अशा वेळी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालू नका. मग फ्यूजऐवजी वायरच जळते.

केबलचे सॉकेट सात पिनांचे असते. प्रचलित 24 व्होल्ट पद्धतीत 1 नंबरची पिन अर्थची, 3 डाव्या इंडिकेटरची, 4 ब्रेक लाइटची आणि 5 उजव्या इंडिकेटरची. दुरुस्त्या होत होत वायरचे रंग बदललेले असतात, म्हणून रंगावर न जाता पिनच्या नंबरवर जा. पावसाळ्यात सॉकेटचे झाकण मोडलेले असेल तर आत पाणी जाते आणि पितळेवर हिरवट थर धरतो. बारीक पॉलिश पेपरने तो घासून काढा. पिन सैल असेल तर तिची चीर किंचित फाकवा.

आता सर्वांत जास्त चकवणारा दोष: अर्थचा. एक लक्षण बघा. डावा इंडिकेटर दिला की त्याचबरोबर शेजारचा टेल लॅम्पही मंद लुकलुकतो. दिवसा काम भागते, पण रात्री हेडलाइट लावले किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर मरतो. अनेक जण इथे नवा बल्ब, नवा फ्लॅशर घालतात आणि दोष तसाच राहतो. घडते असे की त्या दिव्याच्या डब्याची अर्थ तुटलेली असते. विजेला परत जायला सरळ वाट नसल्याने ती शेजारच्या टेल लॅम्पच्या फिलामेंटमधून उलटी शिरते आणि त्याच्या वायरने पलीकडच्या दिव्यापर्यंत जाऊन तिथल्या अर्थने परतते. दोन-दोन फिलामेंटमधून जावे लागल्याने प्रकाश मंद पडतो. टेल लॅम्प चालू केला की त्या वायरमध्येच 24 व्होल्ट येतात आणि ही चोरवाट बंद होते.

खात्री करायला एक तार पुरते. तिचे एक टोक दिव्याच्या होल्डरच्या धातूला आणि दुसरे चासीवर रंग खरवडलेल्या जागी लावा. दिवा झळकला तर निदान झाले. मल्टिमीटर असेल तर इंडिकेटर चालू ठेवून होल्डर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामधले व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टहून बरेच जास्त आले तर परतीची वाट खराब आहे. संपूर्ण ट्रेलरचेच दिवे मंद असतील तर 1 नंबरची पिन बघा. घोडा आणि ट्रेलर फिफ्थ व्हीलवर, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या तबकडीवर, टेकलेले असतात म्हणून अर्थ मिळेलच असे समजू नये, तिथे ग्रीस भरलेले असते. पक्क्या दुरुस्तीसाठी गंज आणि रंग खरवडून लखलखीत धातू उघडा करा, वायरला थिंबल दाबून बसवा, नट कसा आणि वरून ग्रीस लावा. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळली तर पहिल्याच पावसात तक्रार परत येते.

1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांपैकी अनेकांत दिवे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवर चालतात. तिथे बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, मल्टिमीटरच वापरा.

काम झाल्यावर एकटा इंडिकेटर बघून समाधान मानू नका. लाइट लावा, ब्रेक दाबून धरा, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर आळीपाळीने द्या आणि क्लीनरला ट्रेलरच्या मागे, दहा पावले दूर उभे करून विचारा. सगळे एकत्र चालू असताना तो मागचा डावा दिवा स्वच्छ लुकलुकला, तरच वायरमनचे पैसे द्या आणि गाडी हायवेला काढा.